चिडलेल्या नातेवाइकासमोर उभं राहण्याचा सराव: व्हीआर घ्यावं, की हौशी नट बोलवावेत?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. ९० खाटांचं खासगी रुग्णालय. सिस्टर, ब्रदर, रिसेप्शन, बिलिंग आणि सिक्युरिटी धरून १४० माणसं. नातेवाइकांशी रोज खटके उडतात. भावनिक बुद्धिमत्तेवर दोन व्याख्यानं झाली, फरक काही पडला नाही. आता एका कंपनीने व्हीआर हेडसेटसकट (डोळ्यांवर चढवायचं, आभासी दृश्य दाखवणारं यंत्र) सिम्युलेशनचं, म्हणजे खऱ्यासारखा प्रसंग उभा करून सराव करून घेण्याचं, पॅकेज पुढे केलंय आणि व्यवस्थापन तुम्हाला विचारतंय, घ्यायचं का. जाता जाता तुम्ही हेही विचारलंय, की सिक्युरिटीची माणसं एजन्सीची आहेत, त्यांना यात धरायचं का.

आधी उत्तर देतो, कारणं मागाहून. हेडसेट आत्ता घेऊ नका. सिम्युलेशन मात्र जरूर करा, पण तुमच्याच तक्रारवहीतले प्रसंग घेऊन, जिवंत माणसांबरोबर, सहा-आठ जणांच्या गटात. आणि जो काही पैसा, वेळ खर्च कराल त्यातला मोठा वाटा प्रसंगानंतरच्या चर्चेवर करा. माणूस बदलतो तो त्या चर्चेत आणि तिच्यानंतरच्या दुसऱ्या प्रयत्नात.

व्याख्यानांनी फरक का पडला नाही ते बघा. तुमच्या बिलिंगवाल्या मुलीला विचारलंत तर ती सहानुभूतीची व्याख्या घडाघडा सांगेल. संध्याकाळी सहाला काउंटरवर पाच जण उभे असतात, फोन वाजत असतो, त्यातला एक जण टेबलावर फाइल आपटतो, तेव्हा तिच्या छातीत धडधडतं, आवाज चढतो आणि तोंडून 'आवाज कमी करा' निघून जातं. ज्ञान तिच्याकडे होतं. त्या दोन सेकंदांत वापरता येईल अशा सवयीत ते उतरलेलं नव्हतं. ही सवय लागायला थोड्या खऱ्या दबावाखाली सराव लागतो, आणि चुकलं तरी कोणाचं नुकसान होणार नाही अशी जागा लागते.

यात नवं काहीच नाही. अमेरिकेत हॉवर्ड बॅरोज यांनी १९६३ मध्ये विद्यार्थी-डॉक्टरांच्या परीक्षेसाठी पढवलेला 'रुग्ण' उभा केला, तिथून वैद्यकीय शिक्षणात ही पद्धत रुजली. विमान वाहतुकीत १९७७ चा टेनेरिफचा आणि १९७८ चा पोर्टलंडचा अपघात झाल्यावर लक्षात आलं, की यंत्रं ठीक असतानाही कॉकपिटमधल्या माणसांमधलं बोलणं तुटल्यामुळे माणसं मरतात. १९७९ मध्ये नासाने यावर कार्यशाळा घेतली आणि वैमानिकांच्या प्रशिक्षणात एकमेकांशी बोलण्याचा सराव आला. आपल्याकडेही २०१९ पासूनच्या एमबीबीएस अभ्यासक्रमात 'एटकॉम' नावाने वृत्ती, नीती आणि संवाद हे विषय आले आहेत. म्हणजे डॉक्टरसाठी थोडी तरी सोय झाली. नातेवाइकाला सगळ्यात आधी भेटतात ते मात्र गेटवरचा वॉचमन, केसपेपरवाली आणि वॉर्डातल्या मावशी, आणि यांना कोणीच काही शिकवत नाही. तुम्ही १४० जणांची यादी केलीत ती म्हणूनच बरोबर आहे. तीत मावशी आणि वॉर्डबॉय नसतील तर घाला.

आता अडचणीचा भाग. प्रशिक्षणाने काय सुटेल हे तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे. मागच्या सहा महिन्यांची तक्रारवही, कॅज्युअल्टीचं रजिस्टर आणि नाइट सुपरवायझरचे रिपोर्ट काढा. प्रत्येक वादासमोर चार गोष्टी लिहा: जागा, वेळ, कोण बोलत होतं, आणि कोणत्या वाक्यावर भडका उडाला. मग दोन ढीग करा. पहिल्यात ते वाद, जे कोणीही कितीही गोड बोललं असतं तरी झालेच असते: डिस्चार्जला नऊ तास, रात्री एका सिस्टरकडे अख्खा वॉर्ड, डिपॉझिटचा आकडा प्रत्येकाच्या तोंडी वेगळा. दुसऱ्यात ते, जिथे काम ठीक चाललं होतं पण बोलण्याने बिघडलं. सिम्युलेशनचा उपयोग दुसऱ्या ढिगाला. पहिला ढीग व्यवस्थापनाच्या टेबलावर ठेवा आणि सांगा, की हा प्रशिक्षणाचा विषय नाही. हे न करता सराव सुरू केलात तर कर्मचारी तिसऱ्या दिवशी म्हणतील, 'नियम तुमचे, शिव्या आम्हाला, आणि वर गोड बोलायला शिका.' त्यांचं बरोबरच असेल.

काही नियम तर गोड शब्दांत सांगण्याच्या लायकीचेच नसतात. बिल थकलं म्हणून मृतदेह अडवून ठेवता येत नाही. महाराष्ट्रात नर्सिंग होम नोंदणीच्या नियमांत २०२१ च्या दुरुस्तीने रुग्णहक्कांची सनदही आली आहे. तुमच्याकडे असा काही अलिखित रिवाज असेल तर आधी तो बंद करा. ते वाक्य मृदू आवाजात कसं बोलायचं याचा सराव मी कोणाकडून करून घेत नाही.

मग शिकवायचं नेमकं काय? जॉन मेयर आणि पीटर सॅलोवे यांनी १९९० मध्ये भावनिक बुद्धिमत्तेची कल्पना मांडली ती क्षमता म्हणून: भावना ओळखणं, समजणं, हाताळणं, विचारात तिचा उपयोग करणं. काउंटरसाठी हे फार मोघम होतं. निरीक्षकाला डोळ्यांनी दिसेल आणि कागदावर खूण करता येईल एवढंच मी ठेवतो. समोरच्याचं बोलणं पुरं होईपर्यंत तोडलं नाही. त्याची भावना एका साध्या वाक्यात बोलून दाखवली, 'सकाळपासून ताटकळलात, वैताग येणारच.' स्वतःचा आवाज आणि वेग मुद्दाम खाली आणला. जे करता येईल ते घड्याळाच्या वेळेसह सांगितलं. आणि न जमणारी गोष्ट स्पष्ट 'नाही' म्हणून सांगितली, 'बघतो' म्हणून टोलवली नाही. या पाच. 'सहानुभूती दाखवली' अशी ओळ निरीक्षणपत्रावर असेल तर खोडा. त्यावर तीन निरीक्षक तीन वेगळ्या खुणा करतात.

सहावी गोष्ट मी वेगळी लिहून घेतो: अहो-जाहो. धोतर-टोपीतला माणूस आला की 'ए बाबा, तिकडे बस', आणि शर्ट खोचलेला आला की 'सर, बसा ना'. बोलणाऱ्याला हे स्वतःला ऐकूच येत नाही. एकाच प्रसंगात कपडे बदललेले दोन नातेवाईक पाठोपाठ पाठवा आणि निरीक्षकाला फक्त सर्वनामं मोजायला सांगा. 'काका', 'मावशी' म्हणण्याबद्दल नेहमी विचारतात. साठीच्या पुढे ते सहसा चालतं. चाळिशीच्या माणसाला 'काका' म्हटलं की तो आणखी तापतो. नाव माहीत असेल तर नाव आणि 'अहो', यात कोणाचं काही बिघडत नाही.

प्रसंग लिहिणं हे सगळ्यात जास्त बिघडणारं काम, म्हणून एक पूर्ण उलगडून दाखवतो. पहिला नियम: एका प्रसंगात भावनेचं एकच वळण. नवखे लोक एका दृश्यात चुकीचं इंजेक्शन, बिलाचा वाद आणि मृत्यू असं सगळं कोंबतात आणि मग चर्चेत काहीच हाती लागत नाही. लांबी सहा ते आठ मिनिटं.

जागा: बिलिंग काउंटर, संध्याकाळी सव्वासहा. रुग्ण ६८ वर्षांचे, हर्नियाचं ऑपरेशन झालेलं. काउंटरवर त्यांचा मुलगा, वय ३५, सोबत मेहुणा. सकाळी साडेनऊच्या राउंडला डॉक्टर म्हणाले, 'आज सोडतो.' कॅशलेस विमा आहे. अंतिम मंजुरीची विनंती कंपनीकडे ४ वाजून ४० मिनिटांनी गेली, उत्तर आलेलं नाही. एवढं कर्मचाऱ्याला माहीत असतं. त्याला माहीत नसतं ते असं: गावाकडची शेवटची एसटी सव्वाआठला आहे, आणि विम्यातून ११,००० रुपये कापले जातील अशी कुणकुण मुलाला लागली आहे. तेवढे पैसे त्याच्याजवळ नाहीत आणि मेहुण्यासमोर ते बोलायची लाज वाटते. ही दडलेली काळजी प्रत्येक प्रसंगात हवीच. ती नसेल तर नुसता आरडाओरडा उरतो आणि कर्मचारी 'काही लोक असेच असतात' एवढंच शिकून जातो.

नटाला पाठ संवाद देऊ नका. त्याला पहिलं वाक्य द्या, 'सकाळी साडेनऊला सोडतो म्हणाले होते, आता किती वाजले बघा', आणि रागाच्या पाच पायऱ्या द्या. पहिली, साधं बोलणं. दुसरी, कोरडा, तुटक आवाज. प्रसंग इथून सुरू होतो. तिसरी, आवाज चढलेला, बाकीचे लोक वळून बघतायत. चौथी, टेबलावर हात, 'तुमचं नाव सांगा' आणि मोबाइलवर शूटिंग. पाचवी, अंगावर येणं किंवा वाट अडवणं. मग चढ-उताराचे नियम लिहा. 'सिस्टममध्ये दिसत नाही', 'हे आमच्या हातात नाही', 'शांत व्हा', 'मॅडमना विचारा', किंवा बोलताना स्क्रीनवरून नजर न काढणं: प्रत्येकाला एक पायरी वर. बसायला सांगणं, वैताग बोलून दाखवणं, किंवा 'विनंती चार चाळीसला गेली आहे, विमा नियामकाच्या नियमाप्रमाणे तीन तासांत, म्हणजे सात चाळीसपर्यंत उत्तर यायला हवं' असं ठोस सांगणं: एक पायरी खाली. 'गावाला जायचंय का, गाडी कितीची आहे?' असं विचारलं तर एसटीची गोष्ट बाहेर काढायची. बाजूला घेऊन, मेहुण्याच्या कानाआड पैशांचं विचारलं तरच ११,००० ची.

विमा नियामकाचा तीन तासांचा हा नियम २०२४ च्या परिपत्रकातला आहे. तो इथे मुद्दाम घातला, कारण काउंटरवरचा धीर बहुतेक वेळा माहितीतून येतो. ज्या मुलीला विनंती किती वाजता गेली हेच कळायची सोय नाही ती 'थांबा ना जरा' याशिवाय काय म्हणणार? प्रसंग बसवताना अशी भोकं दिसली, की ती पहिल्या ढिगात टाकायची. आणि इथे 'योग्य उत्तर' एकच नसतं हेही बघा. सात चाळीसला मंजुरी आली तरी फार्मसीचा हिशेब, फाइल, सह्या यांत सव्वाआठची गाडी हुकू शकते. चांगला कर्मचारी हे आधीच सांगतो आणि पर्याय विचारतो: फार्मसीचा हिशेब आत्ताच पुरा करून ठेवू का, नाही जमलं तर एक रात्र थांबण्याची सोय आहे का, तिचे पैसे लागतील का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर त्याला माहीत नसेल, तर ते व्यवस्थापनाने ठरवून द्यायला हवं.

असे सहा प्रसंग पुरे: बिलिंग, गेटवर भेटीच्या वेळेनंतर अडवलेला नातेवाईक, आयसीयूबाहेर दर दहा मिनिटांनी विचारणारी मुलगी, सलाइन तीनदा टोचल्यावर चिडलेली रुग्णाची बायको, आरएमओने (वॉर्डात ड्युटीवर असणाऱ्या निवासी डॉक्टरने) सगळ्यांसमोर झापलेली सिस्टर, आणि कॅज्युअल्टीतला मृत्यू. पाचवा प्रसंग बरेच जण गाळतात. तो गाळू नका. झापलेली सिस्टर पुढच्या पाच मिनिटांत नातेवाइकाशी कशी बोलते, यावर निम्मे वाद ठरतात असा माझा अंदाज आहे.

भूमिका कोणी करायच्या? सहकाऱ्यांनी एकमेकांसमोर केल्या तर एक तर सगळे हसतात, नाही तर जुना राग काढतात. सलाइनसारख्या हलक्या प्रसंगाला सहकारी चालतील. बिलिंग आणि मृत्यूसाठी बाहेरचे नट घ्या. आपल्याकडे याची टंचाई नाही. राज्य नाट्य स्पर्धेत उतरणारे हौशी गट जिल्ह्याजिल्ह्यात आहेत. पण नटाला रंगभूमीची सवय असते. टाळी आपल्याला मिळावी असं त्याला वाटतं आणि पायऱ्यांचा नियम विसरून तो थेट चौथीवर जातो. म्हणून किमान दोन तासांची तालीम घ्या. तालमीत कर्मचाऱ्याची भूमिका तुम्ही करा, मुद्दाम एकदा चुकीचं आणि एकदा बरोबर बोला, आणि तो नियमाप्रमाणे वर-खाली होतोय का ते तपासा. आणखी तीन बंधनं: अंगाला हात नाही, जात, धर्म, रूप यांवरून एकही शब्द नाही, आणि ज्याच्या घरात नुकताच मृत्यू झालाय त्याला मृत्यूच्या प्रसंगात घ्यायचं नाही. प्रसंग संपला की नटाने गळ्यातला गमछा किंवा टोपी काढून स्वतःचं नाव सांगायचं. हे पोरकट वाटतं, पण न केल्यास पुढची दहा मिनिटं कर्मचारी त्या माणसाशी सावरूनच बोलतो आणि चर्चा अडते.

व्हीआरचं आता बोलतो. त्याला माझा सरसकट विरोध नाही. शेकडो माणसं, अनेक शाखा, सगळ्यांना एकसारखा अनुभव द्यायचाय, किंवा स्ट्रेचरवर पडून छताकडे बघणाऱ्या रुग्णाला आजूबाजूचं बोलणं कसं ऐकू येतं हे दाखवायचंय, तिथे ते छान काम करतं. तुमच्या गरजेत ते तोकडं पडतं. कंपनीला एवढं विचारा: पात्र मराठी बोलतं का, आणि अहिराणी किंवा वऱ्हाडी वळणाचं मराठी त्याला समजतं का? कर्मचाऱ्याचा आवाज चढला तर पात्राची प्रतिक्रिया बदलते का, की पडद्यावरच्या तीन पर्यायांतला एक निवडायचा असतो? प्रसंग आम्ही स्वतः बदलू शकतो का, की प्रत्येक बदलाचे पैसे? परवाना दर माणशी की दर वर्षी? चक्कर येणाऱ्यांचं काय करता? आणि शेवटचं, प्रसंगानंतर चर्चा कोण घेतं? बहुतेक ठिकाणी या प्रश्नाचं उत्तर 'अहवाल आपोआप येतो' असं मिळतं. पर्याय निवडणं ही परीक्षा झाली. तोंडातून वाक्य फुटणं हे वेगळं कौशल्य आहे, आणि तुम्हाला तेच हवंय.

तुकडीचं वेळापत्रक असं धरा. सहा ते आठ माणसं. सुरुवातीची पंधरा मिनिटं नियमांची: इथलं काहीही मूल्यमापनात जाणार नाही, मोबाइल बाहेर, रेकॉर्डिंग केलंच तर संमतीने आणि त्याच दिवशी पुसायचं, कोणीही हात वर केला की प्रसंग तिथेच थांबतो. मग प्रत्येक फेरीत सात मिनिटांचा प्रसंग, वीस मिनिटांची चर्चा आणि चार मिनिटांचा दुसरा प्रयत्न. अशा तीन फेऱ्या म्हणजे दीड तासाच्या थोडं वर. शेवटची दहा मिनिटं धरून साधारण दोन तास. सात-सात जणांच्या वीस तुकड्या, आठवड्याला दोन, म्हणजे दहा आठवडे. ड्युटीच्या वेळेत घ्या. नाइट संपवून आलेल्या माणसाला बसवू नका. झोप नसलेला माणूस तसाही चिडलेला असतो आणि त्याला काहीच शिकता येत नाही. मेट्रन किंवा विभागप्रमुखांना मागे खुर्ची टाकून 'नुसतं बघायला' बसू देऊ नका. ते बसले की सगळे गोड बोलतात आणि तुकडी वाया जाते. त्यांना बघायचंच असेल तर त्यांची स्वतःची तुकडी करा आणि पहिला प्रयत्न त्यांना करायला लावा.

खोलीला फार काही लागत नाही. एक टेबल, खरी फाइल, खरा बिलाचा नमुना, वाजणारा फोन आणि मागे रांगेत उभे तीन जण. त्या फोनला कमी लेखू नका. प्रसंगाच्या तिसऱ्या मिनिटाला तो वाजवला, की कर्मचारी समोरच्याला सोडून तो उचलतो का, हे बघण्यासारखं असतं.

आता चर्चा, म्हणजे या सगळ्याचा गाभा. क्रम साधा आहे. आधी 'कसं वाटलं, अंगात कुठे जाणवलं?' कान तापले, घसा कोरडा पडला, हात थंड झाले, काहीही. ही खूण प्रत्येकाची वेगळी असते आणि पुढच्या वेळी तीच त्याची घंटा होते. मग काय घडलं आणि का. मग उद्याच्या ड्युटीत काय. पहिली पायरी घाईने उरकली तर माणूस बाकीचा वेळ मनातल्या मनात स्वतःचा बचाव करत बसतो.

'का' विचारायची एक पद्धत बोस्टनच्या सिम्युलेशन प्रशिक्षकांनी २००६ मध्ये मांडली, ती मला सगळ्यात उपयोगी वाटते: जे दिसलं ते सांगा, त्याबद्दल तुम्हाला काय वाटलं ते उघडपणे सांगा, आणि मग त्याचा विचार काय होता ते खरोखर विचारा. उदाहरणार्थ: 'त्यांनी गाडीचं म्हटलं तेव्हा तुम्ही स्क्रीनकडे वळलात. मला काळजी वाटली की त्यांना ते टाळल्यासारखं वाटेल. तुमच्या मनात तेव्हा काय चाललं होतं?' उत्तर बऱ्याचदा असं येतं: 'मंजुरी आली का ते बघत होते, त्यांच्यासाठीच.' मग उपाय सोपा निघतो: 'तुमच्यासाठीच बघते, एक मिनिट' हे तोंडाने म्हणायचं. तुम्ही थेट 'नजर द्यायला हवी होती' म्हणून मोकळे झाला असतात तर ती मान डोलावून गेली असती आणि उद्या तेच केलं असतं.

इथे काय बिघडतं तेही सांगतो. प्रशिक्षक भाषण देऊ लागतो. गटातला एखादा 'मी असतो तर' सुरू करतो. त्याला लगेच उठवून तेच दीड मिनिट करून दाखवायला सांगा, पुढे कोणी तसं म्हणत नाही. 'छान केलंत, पण...' या वाक्यातलं 'छान' कोणी ऐकत नाही, ते गाळा. नटाला भूमिकेतला अनुभव एका वाक्यात सांगायला लावा, 'तुम्ही वेळ सांगितलीत तेव्हा माझा राग उतरला'. त्याला सल्ला द्यायला मनाई. आणि दुसरा प्रयत्न कधीही गाळू नका. वेळ कमी पडला तर तिसरी फेरी सोडा. फसलेलं दृश्य घेऊन घरी गेलेला माणूस 'आपल्याला हे जमत नाही' एवढंच लक्षात ठेवतो; तेच दीड मिनिट पुन्हा नीट जमलं की तो पुढच्या वेळी स्वतःहून पुढे येतो.

मृत्यूच्या प्रसंगाचे नियम वेगळे. बातमी डॉक्टरच सांगतात, सिस्टर किंवा रिसेप्शनने सांगायची नाही. त्यामुळे इथे आरएमओ आणि सिस्टर ही जोडी घ्या. २००० साली कर्करोगतज्ज्ञांसाठी मांडलेली 'स्पाइक्स' ही सहा पायऱ्यांची पद्धत चांगला आधार देते: जागा नीट करणं, समोरच्याला आधीच काय माहीत आहे ते विचारणं, त्याला किती ऐकायचंय ते जाणणं, साध्या शब्दांत सांगणं, भावनेला जागा देणं, आणि पुढचं काय ते बोलणं. कॅज्युअल्टीत एवढा निवांतपणा नसतो, पण दोन गोष्टी जमतात: कॉरिडॉरमध्ये उभ्याने न सांगणं, आणि 'गेले' हा शब्द उच्चारल्यावर दहा सेकंद गप्प राहणं. ही दहा सेकंदं घड्याळ लावून करून घ्या. पहिल्या प्रयत्नात बहुतेक जण तिसऱ्या-चौथ्या सेकंदालाच बोलू लागतात, आणि तेही 'आम्ही सगळे प्रयत्न केले' असं, जे त्या क्षणी बचावासारखं ऐकू येतं. सिस्टरचं काम तेव्हा खुर्ची, पाणी, आणि सगळ्यात जास्त खचलेल्या माणसाजवळ उभं राहणं.

आता नटाच्या रागाची पाचवी पायरी. भावनिक बुद्धिमत्ता म्हणजे मार खाईपर्यंत हसत राहणं, असा समज प्रशिक्षणातून मुळीच जाता कामा नये. अंगावर येणं, वाट अडवणं, हातात वस्तू घेणं, यांतलं काहीही दिसलं की बोलणं संपलं. बाहेर पडायचं आणि ठरलेल्या माणसाला बोलवायचं. हा सरावही करून घ्या: कोणत्या दाराने, कोणता शब्द, कोणाला फोन. वैद्यकीय सेवा देणाऱ्यांवरच्या हिंसेविरुद्ध महाराष्ट्राचा २०१० चा कायदा आहे, त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. पण कायदा मारहाण झाल्यानंतर कामाला येतो. समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉक्शील्ड यांनी १९८३ मध्ये हवाई सेविकांच्या कामातून दाखवलं, की नोकरीसाठी चेहरा सांभाळणं हेही श्रमच आहेत आणि ते माणसाला थकवतात. म्हणून प्रशिक्षणासोबत एक नियम व्यवस्थापनाकडून मंजूर करून घ्या: मोठ्या वादानंतर कर्मचाऱ्याला काउंटरवरून दहा मिनिटं सुटी, आणि तेवढा वेळ जागेवर कोण बसेल त्याचं नाव रोस्टरवर आधीच.

फरक पडला का हे कसं कळणार? 'तुम्हाला आत्मविश्वास वाटतो का' अशी प्रश्नावली वाटू नका. दोन तास मजेत गेले की सगळे 'हो' लिहितात. वर सांगितलेल्या पाच खुणांचं पत्रक घ्या आणि प्रशिक्षणाआधी, सहा आठवड्यांनी आणि बारा आठवड्यांनी प्रत्यक्ष काउंटरवर अर्धा-अर्धा तास निरीक्षण करा. तुमच्या वीस तुकड्या दहा आठवड्यांत होणार आहेत, हा फायदा वापरा: एक विभाग आधी पुरा करा, दुसरा शेवटी, आणि मधल्या काळात दोघांची तुलना करा. व्यवस्थापनाला आधीच सांगून ठेवा की पहिल्या दोन महिन्यांत नोंदवलेल्या तक्रारी वाढतील. आधी ज्या दाबल्या जात होत्या त्या लिहिल्या जाऊ लागतात, म्हणून वाढतात. हे आधी सांगितलं नाही तर तिसऱ्या महिन्यात कार्यक्रम बंद पडतो. सवय टिकवायला दर पंधरवड्याला हँडओव्हरच्या वेळी दहा मिनिटांचा एकच छोटा प्रसंग, नट नाही, खोली नाही, दोघांनी उभ्या उभ्या करायचा.

राहिली सिक्युरिटी. त्यांना पहिल्या तुकडीतच घ्या. गेटवर अपमान झालेला माणूस तिसऱ्या पायरीवरच काउंटरला पोहोचतो, आणि तिथल्या मुलीला कळतच नाही की हा कशावरून पेटलाय. निदान एका तुकडीत वॉचमन आणि बिलिंगचे लोक एकत्र ठेवा, म्हणजे त्यांना एकमेकांची अडचण दिसेल. एजन्सीची माणसं दर दोन-तीन महिन्यांनी बदलतात ही खरी अडचण आहे. तेव्हा पुढच्या कराराच्या नूतनीकरणात दोन कलमं घाला: प्रशिक्षणाचे दोन तास ड्युटीचे धरून एजन्सी त्यांचा पगार देईल, आणि प्रशिक्षित गार्डला सहा महिने दुसऱ्या साइटवर हलवणार नाही. पहिलं कलम एजन्सी लगेच मान्य करते. दुसऱ्यासाठी थोडी घासाघीस करावी लागेल. सहाऐवजी चार महिन्यांवर आले तरी घ्या.